पूजेतला फिल्टर

हळदीचे एक बोट.

ताडपत्रीवर वाळत घातलेले भात आणि त्यातून ऐटीत चालणारी कोंबडी.

आडवी पडलेली बाटली.

रोज सकाळी जागी होताना दात वाजवणारी एक लाल मोटार.

अंधार. अंधारात गरम, सोनेरी, सावकाश वाहणारे काहीतरी.

मित्रांनो, मला सगळे असेच आठवते, तुटक तुटक. मी एक जुना ऑइल फिल्टर आहे. ज्याचे आयुष्य तेलात गेले, त्याला जाग कुठे संपली आणि झोप कुठे लागली हे नीट सांगता येत नाही. तरी क्रमाने सांगून पाहतो.

एका कारखान्यात लांबलचक कागदाला साडीसारख्या निऱ्या घातल्या गेल्या. त्या निऱ्या गोल करून पत्र्याच्या डब्यात बसवल्या. तो डबा म्हणजे मी. माझ्या तोंडाशी मधोमध एक मोठे भोक आहे, त्याला आटे आहेत; भोवती बारीक भोकांचे कडे आहे. इंजिनातले मळके तेल त्या बारीक भोकांतून आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या भोकातून स्वच्छ होऊन परत जाते.

मला बनवले टेंपोसाठी. टेंपोत आम्ही तोंड वर करून, भरलेल्या हंड्यासारखे उभे असतो. इंजिन बंद झाले तरी तेल आमच्या पोटात शांत झोपते. कारखान्यात मी हेच स्वप्न पाहत होतो.

पण मी आलो कळंबच्या रस्त्यावर, रोहिदासच्या गॅरेजमध्ये. आणि आलो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

रोहिदासच्या घरची एक रीत होती. दसऱ्याला नटबोल्टचे पाने, हातोडे, जॅक यांची पूजा मांडायची आणि त्यांच्यात एक कोरा फिल्टर ठेवायचा. मग तो पूजेतला फिल्टर वर्षातल्या सगळ्यांत लाडक्या इंजिनाला लावायचा. त्या वर्षी फळीवर मी होतो. रोहिदासची आई, ललिताबाई, यांनी माझ्या तोंडाभोवती हळद लावली, कुंकू लावले, वरून भरभरून अक्षता टाकल्या. इतके प्रेम मला पुन्हा मिळाले नाही.

लाडके इंजिन होते रूपालीचे. रूपाली रोहिदासची धाकटी बहीण. ती रसायनीच्या कारखान्यात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये राबायची. एका फार्महाउसमागे चिंचेखाली गंजत पडलेली लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार मालकाने तिला देऊन टाकली होती. भावाबहिणीने खपून तिचे इंजिन पुन्हा बांधले. आत फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, घासून घासून शेवटच्या मापाला आली होती. ती अजून एकदा खराब झाली, तर घासायला जागाच उरली नव्हती, आणि तशी दुसरी क्रँक आता कुठे मिळत नव्हती. म्हणजे गाडी परत चिंचेखाली. रूपालीने तर घाटातल्या चढणीच्या मोटारशर्यतीत नावही दिले होते.

मला हाताने फिरवून बसवले. आटे बसले. रबर बसले. थेंबही गळला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त, मित्रांनो, त्या गाडीत मी आडवा होतो.

दिवसभर मजा होती. तेल माझ्यातून गाणे म्हटल्यासारखे जायचे. भाताची खाचरे, कोंडाणे लेण्यांचा डोंगर, सगळे मी पाहिले नाही, पण तेलाच्या थरथरीतून मला ते कळायचे. गाडी थांबली की मात्र ते गाणे माझ्या तोंडातून हळूहळू निसटून जायचे. त्या गाडीच्या फिल्टरला आत रबराची झडप लागते, आडवे पडले तरी तेल धरून ठेवणारी. मला ती नव्हतीच. सकाळी चावी फिरली की तेल आधी माझे रिकामे पोट भरायचे आणि मग इंजिनाकडे जायचे. तोवर इंजिन कोरडे. खडखडखड. नंतर गप्प.

"दादा, ऐक ना, दात वाजवते ही," रूपाली म्हणायची.

"नवं इंजिन हाय. थंडी वाजत आसंल तिला."

"मग दुपारी का नाय वाजवत?"

"दुपारी ऊन असतं ना, येडे!"

एका सकाळी रूपालीने इंजिन सुरू न करताच मला फिरवून बाहेर काढले. हातात तोलले. मी हलका होतो. तिने मला उलटे केले. भरभरून तेल यायला हवे होते, आली एक बारीक धार.

"दादा, हा रिकामा हाय. रोज असाच रिकामा होतोय."

"आटे बसले, रबर बसलं, गळत नाय," रोहिदास म्हणाला. "आजून काय पायजे त्याला? मांडव घालू?"

"तुझी चप्पल पण बसते मला. म्हणून शर्यतीत पळंन का मी ती घालून?"

ललिताबाई ताडपत्रीवरचे भात सारखे करायचे सोडून उठल्या. "रूपे, पूजेतला हाय तो. शर्यतीच्या तोंडावर काढतात का गं? अपशकुन नको करू."

"आई, क्रँक गेली तर कसला शकुन?"

"देवाम्होरचा हाय!"

"देवाला काय म्हाईत, टेंपो हाय का मोटार? ते आपण बघायचं होतं."

इंजिन आतून किती झिजले, ते माझ्या कागदावरून कळणार होते. मग मला कापायला रोहिदासने करवत उचलली.

"करवत नको रं, भुगा पडंल आत. पत्र्याची कातर दे."

रूपालीने माझा पत्रा गोल कापला आणि कागद बाहेर काढला. ललिताबाईंनी न बोलता सूप आणून पुढे धरले. माझ्या निऱ्या उन्हात उलगडल्या गेल्या. इतका प्रकाश मी कधी पाहिला नव्हता. निऱ्यांत काही कण चमकत होते.

नव्या इंजिनात लोखंडाचे थोडे कण निघतातच. ते चुंबकाला चिकटतात. बेअरिंगचा मऊ धातू चिकटत नाही. तो निघाला, तर क्रँकही घासली जात आहे असे समजायचे. रूपालीने चुंबक फिरवला. कण टपटप उडी मारून त्याला लागले. एक सोडून. तो मोठा होता, काळा होता आणि जागचा हलत नव्हता.

"चिकटत नाय," रूपाली म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला, की मला माझ्याच कागदाची थरथर ऐकू आली.

ललिताबाईंनी तो कण चिमटीत धरला. नखाने खरवडला. आतून पांढरा.

"तांदूळ हाय गं हा." त्या खाली बसल्या. "माझीच अक्षत."

रोहिदास आधी आईकडे, मग सुपाकडे बघत राहिला आणि एकदम हसत सुटला. "आई, इंजिनला जेवायला वाढलंस का गं?"

रूपाली हसता हसता रडली. ललिताबाई हसल्या नाहीत. मी मात्र त्या घडीला आयुष्यात पहिल्यांदा ताठ झालो. तो दाणा मी पहिल्याच दिवशी धरला होता, आणि इंजिनाला कळूही दिले नव्हते. जागा चुकीची होती, काम बरोबर होते.

मग रोहिदासने त्या गाडीसाठीचाच फिल्टर आणला. माझ्या निम्मा. भोकात बोट घातले की आत मऊ रबर लागायचे. "हा बारकासा?" असे म्हणत त्याने तो बसवला आणि दुसऱ्या सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा तोच सगळ्यांत जास्त वेळ कान लावून उभा होता. खडखड नव्हती. शर्यत झाली. रूपालीचा नंबर मधेच कुठेतरी आला. गाडी घाट चढून गेली आणि आपल्या पायांनी घरी परतली.

माझा कागद गेला. माझा डबा खिडकीत असतो. कोणी त्यात वॉशर टाकते, कोणी विडीचे थोटूक. ऊन आले की मला अजून वाटते, मी कुठल्यातरी टेंपोत तोंड वर करून उभा आहे आणि काठोकाठ भरलो आहे.

मित्रांनो, एवढेच मागतो. एखादी वस्तू निवडताना ती बसते का, हे बघाच. पण तिथे बसून ती काय करणार आहे, हेही विचारा. आवडली म्हणून, मोठी दिसली म्हणून, हाताशी होती म्हणून तिला भलत्या जागी जुंपू नका. इंजिनाचे हाल होतात. आणि आमचेही.

नवा फिल्टर बसवला तो दिवस अमावास्येचा होता, आणि ललिताबाईंना ते ठाऊक होते; तरी त्यांनी अडवले नाही.