बाजूचा दगड

"तो का फेकलास?" लबीबने विचारलं.

करारने हातातला आणखी एक खडा ताडपत्रीबाहेर भिरकावला. "त्यात आहे काय? चमक नाही, वजन नाही. नुसता दगड."

"गेल्या हिवाळ्यातही असेच निवडलेस?"

"मग? तू तंबूत मुतखड्याने विव्हळत होतास. म्हटलं, निदान त्याच्या पिशव्या तरी चांगल्या भराव्यात. एकेक खडा पारखून घेतलाय, अबू बिशॉय. माझ्या वादीतून पाहुणा रद्दी घेऊन जाणार?"

बिशॉय हा लबीबचा मुलगा; करार त्याला 'बिशॉयचा बाप' अशीच हाक मारी. लबीब उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला. समोर वादीच्या कोरड्या नदीपात्रालगत गुलाबी ग्रॅनाइटच्या कड्यात गारगोटीची पांढरी शीर तिरपी चढत गेली होती. तिच्या कडेला मोलिब्डेनम धातूच्या खनिजाचे शिशाच्या रंगाचे खवले चमकत होते. बोटाने घासले की पेन्सिलीसारखे काळपट उतरायचे. करारचे मामेभाऊ ते खवले कुटून गाडीच्या बिजागऱ्यांना लावत, आणि बिजागऱ्या खरंच कुरकुरायच्या थांबत.

कैरोच्या प्रयोगशाळेने गेल्या हिवाळ्याच्या नमुन्यांत एवढा धातू दाखवला होता, की भूगर्भ खात्याने भोकं पाडायचं यंत्र मंजूर केलं. पुढच्या आठवड्यात पाहणी समिती यायची होती. लबीबच्या सगळ्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडत होतं. खात्यात त्याला 'कोरडा लबीब' म्हणत. तो जाईल तिथे काही सापडत नसे, आणि सापडलं नाही असं तो न चुकता लिहून देत असे. उन्हाळ्याआधी तो निवृत्त होणार होता. आणि खाण झाली तर वादीत रस्ता येणार होता, पाण्याची विहीर येणार होती. करारच्या भावाने तर विहिरीची जागा धरून खोलीच्या भिंतीही रचायला घेतल्या होत्या.

"करार, ती पिशवी मला भेट नसते रे. डोंगर जसा आहे तसा तिच्यात जायला हवा. शिरेबरोबर बाजूचा रिकामा दगडही. खणताना तोही खणावाच लागतो ना?"

करारने बाहेर फेकलेल्या खड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मी घाण केली."

"तू पाहुणचार केलास. तपासून घ्यायचं काम माझं होतं."

जेवणाआधी लबीब खिंडीवर चढला. फोन तिथेच लागायचा. खात्यातले साहेब हुसाम यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लबीब, कुणाला कळलंय हे?"

"मला."

"अरे बाबा, समिती येईल, चहा पिऊन जाईल. यंत्र यायला वर्ष लागेल. तोवर तू घरी नातवंडं खेळवत असशील."

"करार इथेच असेल, साहेब. तो वर्षभर विहिरीची वाट बघत बसेल."

"नाव जाईल तुझं."

"जाऊ दे. जुने नमुने रद्द धरा. मी नवे पाठवतो."

परत आला तेव्हा करारची बायको आमना आल्याची कॉफी कुटत होती. तिने पहिला पेला त्याच्यापुढे सारला. "ऐकलं मी. माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच कंजुषी केली नाही, आणि तुम्ही नेमकी तीच वेळ पकडलीत, भाऊ."

करार हसला नाही. पण लबीबचा तिसरा पेला संपताच तो हातोडी घेऊन उठला.

त्यांनी शिरेला आडवा चर खणला. एका बाजूच्या कोऱ्या ग्रॅनाइटपासून सुरुवात, मग शीर, मग पलीकडचा कोरा ग्रॅनाइट. सगळीकडे रुंदी सारखी, खोली सारखी. शीर मऊ होती, चटकन तुटायची. ग्रॅनाइट छिन्नीला दाद देत नव्हता. करारचे तळवे फुटले तेव्हा लबीबने छिन्नी घेतली. त्याचे फुटले तेव्हा करारने हिसकावून घेतली.

"या भिकार दगडावर एवढी मेहनत!" करार पुटपुटत होता. "लग्नात नवरीला सोडून तिच्या काकाला नटवतोय आपण."

"काकाही बरोबर येतोच ना?"

"येतो मेला. आणि सगळ्यात जास्त जेवतो."

या वेळी करारने एकही खडा फेकला नाही. बाहेर उडालेली कपचीसुद्धा त्याने उचलून ताडपत्रीवर आणून टाकली.

निकाल लागला तेव्हा लबीब निवृत्त झाला होता. किफ्त गावाहून माल नेणाऱ्या गाडीत बसून तो वादीत आला.

"फोन करायचास," करार म्हणाला.

"तू काय खिंडीवर बसलेला असतोस?" लबीबने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "धातू आहे. पण थोडा. कोऱ्या दगडात मिसळला की उरत नाही. यंत्र येणार नाही. रस्ताही नाही."

करारने भावाच्या अर्धवट भिंतींकडे पाहिलं. "विहीर?"

"सरकारची नाही."

आमना आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

"मग आम्हीच खणू," करार म्हणाला. "कुठे, तेवढं सांग."

लबीब त्याला पात्रातून खाली घेऊन गेला. एका वळणावर काळ्या दगडाची जुनी उभी पट्टी ग्रॅनाइट चिरून वादीच्या आरपार गेली होती. बरीचशी वाळूखाली गाडलेली, बांधासारखी. "वाळूखालून पाणी वाहत आलं तर या भिंतीला अडेल. अडलं असेलच, असं मी म्हणत नाही."

"तू कधी म्हणतोस!"

आठवडा सरत आला तरी लबीब गेला नव्हता. खड्डा करारच्या डोक्यावर गेला होता. खालून आवाज आला, "ओढ!"

लबीबने दोरी ओढली. बादली काठावर टेकवून त्याने आतली वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. वाळू बोटांतून सुटी होऊन गळून गेली.

"काय?" खालून करारने विचारलं.

"कोरडी."

मग कुदळीचा आवाज पुन्हा सुरू झाला. लबीबने बादली पालथी केली, तळ झटकला आणि दोरी परत खाली सोडली.