अर्ध्या तासाची फेरी

बॅटरीवाल्या बाईंनी मीटरचे दोन्ही चिमटे काढले आणि जुनी बॅटरी काउंटरवर बाजूला सरकवली.

"काका, चौदा महिन्यांत ही तिसरी. बॅटऱ्या खाता की काय?"

काका हसले नाहीत. जन्म शिवणकामात गेलेला माणूस. कापडाचा काठ चाचपावा तसा बॅटरीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. जीप दुकानाच्या दारातच उभी होती, शेजाऱ्याच्या गाडीला वायरी जोडून कशीबशी सुरू करून आणलेली. पुढच्या सीटवर काकू बसून होत्या.

"सगळ्यात टिकाऊ द्या. डोंगरातले हादरे सोसणारी."

बाईंनी फळीवरून एक सीलबंद, जाड पट्ट्यांची बॅटरी दोन्ही हातांनी उतरवली. "ही खाणीवरच्या गाड्यांना घालतात. कलंडली तरी आम्ल सांडत नाही. पण जीप जाते कुठे?"

"कुठेच नाही."

"मग हा नाकापेक्षा मोती जड झाला की!"

काकांनी जीपकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरगा खाणीवर मोजणीला जायचा. सकाळी सातला निघायचा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. हिला आठवत नाही. सात वाजले की विचारते, निघाला का पोरगा? मग मी अंगणात जातो, जीप दोन मिनिटं चालू करतो. आवाज ऐकला की तिचं समाधान होतं. तीन दिवस झाले, बॅटरी मेलीय. काय सांगू तिला?"

बाईंना आपल्या मघाच्या थट्टेची लाज वाटली. पण धंद्यातलं खरं ते सांगायलाच हवं होतं.

"अहो, एकदा सुरू करायला जेवढी वीज जाते, तेवढी दोन मिनिटांत परत भरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज अर्धा तास फिरवा. नाहीतर हीसुद्धा वर्षभरात मान टाकेल."

"फिरवायची कुठे? आणि कुणासाठी?" काका म्हणाले आणि मागच्या नळावर हात धुवायला गेले.

बाईंनी बॉनेट उघडलं, बॅटरी बसवली आणि वरची पट्टी आवळायला घेतली. तेवढ्यात काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तीन दिवस हा माणूस अंथरुणातून उठला नाही. शेजाऱ्याला मीच बोलावलं."

बाईंचा पाना थांबला.

"माझ्या मांडीवर गेला पोरगा. विसरेन कशी गं? पण तो गेल्यावर यांनी अंथरूण धरलं. महिनाभर बोलेनात, उठेनात. एकदा झोपेतून जागी होताना माझ्या तोंडून निघून गेलं, निघाला का पोरगा? आणि हे धडपडत उठले ना गाडी चालू करायला! तेव्हापासून रोज विचारते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "रोज जीव जळतो माझा. पण विचारते."

मागून पावलं वाजली. बाईंनी घाईने पट्टी आवळली आणि बॉनेट लावलं. काका हात झटकत आले, जीपमध्ये चढले आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"अहो, निघाला का पोरगा?"

"निघाला. हा काय, आत्ताच."

"डबा विसरला तो."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे रोजचं नव्हतं.

"रोजच विसरतो मेला," काकू म्हणाल्या. "उद्यापासून आपणच नेऊन देऊ या. खाणीच्या फाट्यापर्यंत जाऊ, भेटला तर भेटला, नाहीतर परत येऊ. अर्धा तास लागेल फार तर."

काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग त्यांनी गियर टाकला.

बाईंनी हात करून त्यांना थांबवलं, बॉनेट पुन्हा उघडलं आणि पट्टी नीट आवळलीय ना, ते पाहिलं.