उलट्या पात्यांची वाट

उलटरावांना हे नाव त्यांच्या थोरल्या बहिणीनं दिलं होतं, आणि ते देताना तिला अजिबात हसू आलं नव्हतं. अंगणातली खोटी हिरवळ दुरुस्त करायचं काम ताईनंच त्यांना शिकवलं. प्लॅस्टिकची पाती एका बाजूला किंचित कललेली असतात. ठिगळ लावायचं तर त्याचा कल आजूबाजूच्या पात्यांशी जुळलाच पाहिजे, असं तिनं दहादा बजावलं होतं. पठ्ठ्यानं पहिल्याच कामात तुकडा उलटा बसवला; त्यावर उजेड वेगळा पडून तो वेगळ्याच रंगाचा दिसू लागला. घरमालकानं विचारलं, "इथं पाणी सांडलंय का?" झालं, त्या दिवसापासून हे उलटराव.

त्यांनी कानाला खडा लावला. बारा वर्षांत तसली चूक पुन्हा झाली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ताई अजूनही संध्याकाळी प्रत्येक काम बघायला येई, सांध्यावरून तळवा फिरवी आणि मगच "बरं आहे" म्हणे. याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नव्हतीच.

त्या दिवशीचं काम तसं सोपं होतं. घराच्या पायरीपासून कोपऱ्यातल्या झाडाखालच्या खुर्चीपर्यंत दोन फूट रुंदीचा पट्टा पार झिजला होता. पाती गळून खालचं काळं कापड उघडं पडलं होतं.

"आमच्या सासऱ्यांची कृपा," घरची सून म्हणाली. "दिवसातून चार फेऱ्या असतात. दिसत नाही त्यांना, पण हात धरू देतील तर शपथ. मध्यंतरी दोरी बांधली होती, तर म्हणाले, मी काय बैल आहे?"

आजोबा आत रेडिओ ऐकत होते. उलटराव कामाला लागले. नवं कापड पुढं लावलं असतं तर उन्हानं विटलेल्या जुन्या हिरवळीत ते डोळ्यांत खुपलं असतं. म्हणून त्यांनी घरामागच्या भिंतीलगतची, ऊन तेवढंच खाल्लेली पण कुणाचा पाय न लागलेली पट्टी कापून पुढं आणली आणि नवं कापड तिकडं टाकलं. कल जुळवला, खालून चिकटपट्टी देऊन ग्लू लावला, वर वाळू पसरून ब्रश फिरवला. दुपारपर्यंत सांधा कुठं आहे ते त्यांना स्वतःलाच शोधावं लागत होतं. पाण्याची बाटली तोंडाला लावून ते स्वतःवर भलतेच खूश झाले.

तेवढ्यात आजोबा अनवाणी बाहेर आले. पायरी उतरून नेहमीच्या ऐटीत चार पावलं चालले आणि थांबले. तळवा पुढं घासून पाहिला, मग डावीकडं, मग उजवीकडं. दोन पावलं भलतीकडंच गेले, हाताला कुंपण लागलं तसे मागं फिरले, आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी लहान झाला होता. "वाट कुठं गेली गं?"

ती धावत आली. आजोबांनी मुकाट्यानं हात पुढं केला. तो हात धरताना तिचेच डोळे भरून आले.

उलटरावांच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम, आणि त्यानं एका माणसाचं चालणं हिरावून घेतलं होतं. जुनं फाटकं कापड परत लावणं शक्य नव्हतं. त्यात एक दिवस आजोबांचाच पाय अडकला असता. ते खाली बसले आणि उगाच हिरवळीवरून हात फिरवत राहिले. घराकडं मऊ. खुर्चीकडं टोचरं. पुन्हा घराकडं मऊ.

ते ताडकन उठले.

"वहिनी, ग्लू अजून ओला आहे. ही पट्टी काढून उलटी फिरवतो. खुर्चीकडं जाताना पायाखाली मऊ लागेल, पाऊल बाहेर पडलं की टोचेल. येताना याच्या उलट. आजोबांच्या पायाला बरोबर कळेल. पण दिसेल हं! फिकट पट्टा उठून दिसेल. बघणारे म्हणतील, कारागीर अडाणी होता."

"म्हणू देत," ती नाक पुसत म्हणाली. "बघणाऱ्यांचं काय, ते बघून चालतील."

संध्याकाळी ताई आली आणि तिला फाटकातूनच तो पट्टा दिसला.

"अरे, बारा वर्षं झाली! बारा वर्षं शिकवून पुन्हा..."

"ताई, पाच मिनिटं गप्प बस," उलटराव म्हणाले. असं ते तिला जन्मात बोलले नव्हते. ती खरोखरच गप्प बसली.

आजोबा बाहेर आले. मऊ-टोचऱ्याची खूण सांगून सून दारातच थांबली, दोन्ही हात मागं घट्ट धरून. आजोबा चालू लागले. मध्ये एक पाऊल बाहेर पडलं, त्यांनी ते चटका बसल्यासारखं मागं घेतलं, आणि थेट खुर्चीवर जाऊन बसले.

"सापडली!" ते ओरडले. "आता तर भटकलं की दटावते लेकाची!"

ताईनं पायरीशी चपला काढल्या, डोळे मिटले आणि त्या फिकट पट्ट्यावरून चालत गेली. एकदा चुकली, पाय मागं घेतला, पुन्हा निघाली. हात खुर्चीच्या पाठीला लागला.

"कोण?" आजोबांनी विचारलं.

"मी. या कारागिराची बहीण."

"मग बस की. पण खुर्ची एकच आहे, दुसरी घेऊन ये जा. वाट कळली ना तुला?"

"कळली," ताई म्हणाली आणि तशीच, मिटल्या डोळ्यांनी, पायरीपर्यंत परत आली. सांध्यावरून तळवा फिरवायला ती वाकली नाही. डोळे उघडून तिनं भावाकडं पाहिलं.

"उलटराव," ती म्हणाली, आणि या वेळी तिला हसू आलं.