उंच बॉनेटची जीप

आनंद गजभारेला रणगाड्यांचा नाद लागला तो इंग्लंडमध्ये. कंपनीने प्रोजेक्टसाठी वर्षभर पाठवलं होतं. आठवडा कामात निघून जायचा, रविवार मात्र अंगावर यायचा. तो राहायचा त्या गावाजवळ लढाईतल्या गाड्यांचं एक मोठं संग्रहालय होतं. एका रविवारी तो तिकीट काढून आत शिरला आणि बंद व्हायच्या वेळेला बाहेर पडला. पुढचे सगळे रविवार त्याने तिथेच काढले.

पुण्यात परतल्यावरही ते सुटलं नाही. इंटरनेटवर लोक आपल्या आजोबा-पणजोबांचे लढाईतले फोटो टाकून विचारायचे, ही मागची गाडी कुठली? आनंद चाकं मोजायचा, दिवे बघायचा आणि उत्तर द्यायचा. पोलंड-कॅनडाची माणसं त्याचे आभार मानायची. खराडीच्या ऑफिसातून हडपसरच्या फ्लॅटवर आलं की त्याच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. नांदेडहून वडिलांचा फोन यायचा, पण ते लग्नाचंच विचारत. छत्तिशीनंतर आनंद तो फोन उचलायचंही टाळू लागला.

२००७ च्या उन्हाळ्यात ऑफिसातली अक्षता त्याला म्हणाली, "माझ्या एका लांबच्या आत्याकडे जुना फोटो आहे. बघशील? तिला फार बरं वाटेल."

आत्या म्हणजे सुनीती खांबेटे. पंचाहत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, शनिवार पेठेत एकट्या राहणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधली तेव्हा घराचा नंबर बदलला होता, पण दारावरच्या पाटीवर बाईंनी जुना नंबरही लिहून घेतला होता.

"हा माझा भाऊ, मधू," फोटो पुढे करत त्या म्हणाल्या. "बेचाळीसला घरात न सांगता सैन्यात ड्रायव्हर झाला. ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता. पानशेतच्या पुरानंतर वर्षभराने एक माणूस 'हा मधूचा' एवढंच सांगून शेजाऱ्यांकडे हा फोटो ठेवून गेला. स्वतःचं नाव नाही, गाव नाही. बरोबरचा कुणी असेल. मला एवढंच हवंय, ही गाडी कुठली आणि ही जागा ब्रह्मदेशात कुठे असेल."

जीपवर रेलून एक सडपातळ माणूस उभा होता. साधा शर्ट, डोक्यावर टोपी, चेहरा सावलीत. मागे एका रणगाड्याची दोन-तीन चाकं तेवढी आली होती.

आनंदला जीप पाहताक्षणी खटकली. लढाईतल्या जीपचं बॉनेट बसकं असतं. या जीपचं उंच होतं. पण तो "थोडा वेळ लागेल," एवढंच म्हणाला.

"लागू दे. मला कुठे ट्रेन पकडायचीय?" बाई म्हणाल्या.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. कधी भिंग घेऊन, कधी नुसताच. बाई साबुदाण्याची खिचडी करून ठेवायच्या आणि मधूबद्दल सांगायच्या. वडिलांना डेक्कनला चांगली जागा मिळत होती, पण आईने जाऊ दिलं नाही. मधू परत आला तर त्याला घर कसं सापडणार? आई गेल्यावर बाईंनीही पेठ सोडली नाही. त्या बोलत असायच्या, आनंद ऐकत असायचा. पुण्यात इतकं कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं. त्या गाडीचं काम जितकं लांबेल तितकं बरं, असं त्याला वाटू लागलं होतं.

पण ते उंच बॉनेट मनातून जाईना. एका शनिवारी त्याने एसटी पकडून नगरचं रणगाडा संग्रहालय गाठलं. फोटो हातात धरून एकेका रणगाड्याची चाकं तो बघत गेला. सेंच्युरियन नावाच्या रणगाड्यापाशी थांबला. चाकांवर पत्र्याची तीच झालर, चाकांमधलं तेच अंतर. हा रणगाडा भारतात आला छप्पनच्या सुमाराला. ब्रह्मदेशची लढाई संपून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेला.

बाई घेवडा मोडत बसल्या होत्या. त्याने फोटो समोर ठेवला आणि बॉनेटपासून झालरीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"म्हणजे कधीचा?"

"छप्पनच्या आधीचा नाही."

"आई चोपन्नला गेली."

बाईंनी आणखी एक शेंग मोडली.

"म्हणजे आई गेली तेव्हा हा होता."

"हो."

"तुमची चूक होऊ शकते?"

होऊ शकते म्हटलं असतं तर सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं असतं. खिचडी, मधूच्या गोष्टी, पुढचा रविवार. आनंदच्या ओठांवर ते आलंही होतं.

"जीपच्या बाबतीत होऊ शकते. रणगाड्याच्या नाही."

बाईंनी उरलेल्या शेंगा मोडून संपवल्या. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता मी जरा पडते."

त्यानंतर फोन आला नाही. आनंदने एकदा केला, तेव्हा त्या नीट बोलल्या, पण 'या' म्हणाल्या नाहीत. त्याने रविवारी कपडे धुतले, फ्लॅट झाडला, दुपारी झोपला. इंटरनेटवर फोटोंचा ढीग साचला होता. त्याने एकही उघडला नाही. कुणाला काय सांगून बसू, याची त्याला भीती वाटत होती.

सर्वपित्री झाल्यावर बाईंनीच फोन केला. "गजभारे, तो रणगाडा बघायचाय मला. न्याल का?"

शिवाजीनगरहून दोघं एसटीने गेले. नगरला ऊन कडक होतं. सेंच्युरियनसमोर बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग झालरीच्या पत्र्याला त्यांनी हात लावला. तो तापलेला होता, तरी काढला नाही.

"दरवर्षी सर्वपित्रीला त्याचं नाव घेत आले. यंदा भटजींना म्हटलं, थांबा जरा. मग हिशेब केला, चौऱ्याऐंशीचा झाला असेल. म्हटलं, घ्या. घ्यायला हरकत नाही."

"तुम्हाला राग आलाय का त्यांचा?"

"आलाय. करू काय त्याचं? द्यायला समोर माणूस लागतो." त्यांनी हात पदराला पुसला. "आणि तुमचाही आला होता. तुम्ही समोर होतात."

परतताना त्या खिडकीशी झोपून गेल्या. शनिवार पेठेत रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "मधूबद्दल आता मला काही शोधायचं नाही. पण येत जा."

पुढच्या रविवारी तो गेला. खिचडी झाली. फोटो कुठे दिसत नव्हता, आणि त्याच्याशिवाय काय बोलायचं ते आनंदला सुचेना. इतके दिवस आपण नुसतं ऐकतच आलो, हे त्याच्या लक्षात आलं. पंखा फिरत होता. खालून कुणी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती होत नव्हती.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"नांदेडला वडील आहेत."

"एकटेच?"

"हो. आई गेली तीन वर्षांपूर्वी."

"मग?"

आनंदने ताटली बाजूला ठेवली. सुरुवात कुठून करावी ते त्याला समजत नव्हतं. बाई थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती.