दारापलीकडचं ओरबाडणं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझा खटका भलता मोठा. मला घडवणारा कारागीर तो ऐकून खूश व्हायचा. "या आवाजाने मालकाला निवांत झोप लागेल," म्हणायचा. मलाही त्या आवाजाची भारी ऐट होती.

मग एके दिवशी माझ्या घरातली माणसं सामान गाडीत चढवून कायमची निघून गेली. जाताना त्यांनी मला दाराला अडकवून खट्‌कन दाबलं. त्यांची कुत्री आतच राहिली. विसरले म्हणावं, तर तिचं ताट तेवढं आठवणीने बाहेर फेकलेलं होतं. ती आतून दार ओरबाडायची, रडायची. मी काय करणार? मला बंद राहणंच शिकवलेलं. ते ओरबाडणं अजून माझ्या पितळेत आहे.

शेवटी शेजाऱ्यांनी किल्लीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मला तारेने उघडलं, हाडांचा सापळा झालेल्या कुत्रीला उचलून घेतलं आणि मला खिशात टाकलं. घरी तिचं नाव पडलं ससुली.

पण नशीब बघा! काकांच्या घरात दिवसभर कुलपांचीच खटखट. खटका वाजला की ससुली खाटेखाली शिरायची, तिथेच मुतायची, अन्नाला तोंड लावायची नाही. काकांची धाकटी बहीण हवालदिल झाली.

"दादा, तुझं पोट या आवाजावर, आणि हिचा जीव जातोय या आवाजाने. दुसरीकडे दे तिला, नाहीतर मरेल रे ती इथे."

"जरा कळ काढ गं," काका म्हणाले.

त्यांनी माझी नवी किल्ली घडवली, मला फडक्यात गुंडाळलं आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन हळूच दाबलं. खटका जेमतेम ऐकू आला. त्याच क्षणी बहिणीने ससुलीपुढे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकला. मग रोज तेच. खटका आणि तुकडा, खटका आणि तुकडा. हळूहळू मी जवळ येत गेलो, फडकं सुटत गेलं.

एकदा मात्र बहिणीला घाई झाली. तिने मला ससुलीच्या कानाशीच वाजवलं. झालं! सगळी मेहनत पाण्यात. बहीण खाटेपाशी बसून रडली, "चुकलं गं बाई माझं." काका रागावले नाहीत. मला घेऊन पुन्हा अंगणाच्या टोकाला गेले.

पुढे खटका वाजला की ससुली काकांच्या हाताकडे बघू लागली. मग एका सकाळी तिला आत ठेवून काकांनी मलाच दाराला लावलं.

"हेच कशाला? अपशकुनी मेलं!" बहीण म्हणाली.

"तिला भीती याचीच आहे म्हणून," काका म्हणाले, आणि दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

आतून ओरबाडणं नाही, रडणं नाही. काही म्हणजे काही नाही. माझं धाबं दणाणलं. कारण मित्रांनो, त्या पहिल्या घरातही शेवटी शेवटी असंच शांत झालं होतं.

काका परतले. मला उघडलं. ससुली दाराशीच पसरून घोरत होती! जांभई देत उठली आणि अंडं मागू लागली. बहीण हसता हसता डोळे पुसत होती.

ससुलीची भीती गेली. माझी काही जात नाही. अजूनही दाराला लागलो की मी आतल्या श्वासाकडे कान देऊन असतो. मित्रांनो, मला हात असते तर जोडून सांगितलं असतं. कुलूप लावण्याआधी आत एकदा हाक मारा. आत कोण उरलंय ते आम्हाला कळतं, पण सांगता येत नाही.