सासूबाईंच्या गाडीला डिस्क ब्रेक

उतारावरून येताना सासूबाईंनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबला गेला, पण गाडीने ते मनावर घेतलं नाही. आधी रोपवाटिकेचं कुंपण गेलं, मग शेवंतीच्या कुंड्यांची रांग, आणि शेवटी खताच्या पोत्यांवर नाक टेकवून गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालक पाण्याचा पाइप हातात धरून तसाच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बाई, फाटक पलीकडे आहे."

सासूबाईंनी जावयाला फोन लावला. "जावईबापू, वेळ आहे का तुम्हाला? मी जरा खतात आहे."

जावई लग्नाचे केक करायचा. साखरेची गुलाबं वळणारा माणूस. आवाजही तसाच मऊ. सासूबाई पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक. अर्धं शहर त्यांच्या शिट्टीला घाबरत घाबरत पोहायला शिकलेलं. दोघांचं भांडण कधीच झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. "या, बसा" आणि "येतो, आई" यांच्या मध्ये आजवर फक्त चहा झाला होता. एरवी मध्ये मुलगी असायची, पण ती जमीनमोजणीच्या कामाला बाहेरगावी गेली होती.

गॅरेजवाल्याने मागची चाकं काढून पाहिली. ड्रमच्या, म्हणजे चाकाआडच्या गोल लोखंडी डब्याच्या, आत ब्रेकचं तेल गळून घासणारे लायनर चिंब झाले होते. "या ड्रमचे पार्ट आता मिळत नाहीत," तो म्हणाला. "मागेही पुढच्यासारख्या डिस्क बसवून घ्या. कायमची कटकट जाईल. पण मला पुढच्या महिन्याशिवाय जमायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. रविवारी जुन्या गाड्यांची घाटफेरी होती. घाट चढायचा, उतरायचा आणि खाली आखलेल्या चौकटीत गाडी उभी करायची. त्यासाठी त्या कित्येक आठवडे गाडी पुसत होत्या.

"मग आपणच बसवू," कुणीतरी म्हणालं. जावयाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तोच म्हणाला होता.

"तुम्हाला येतं?" सासूबाईंनी विचारलं.

"भट्टी खोलून परत जोडलीय मी. मिक्सरसुद्धा."

"मिक्सर घाट उतरत नाही, जावईबापू."

पण त्यांचे डोळे चमकायला लागले होते. गॅरेजवाल्याने हसू दाबलं. "बसवा. पण रविवारच्या आधी मला दाखवल्याशिवाय घाटाकडे फिरकायचं नाही."

याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलला मागे डिस्क होत्या, आणि तसं एक मॉडेल भंगारवाल्याकडे चाकांविना बसलेलं होतं. डिस्क हातात घेऊन जावई हरखला. "आई, अगदी माझ्या दहा इंची साच्याएवढी!" डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे लोखंडी पंजे, म्हणजे कॅलिपर, तेही निघाले. शिवाय मागच्या चाकांकडे जाणारा दाब कमीजास्त करायचा एक व्हॉल्व्ह. पॅड आणि पाइप तेवढे नवे कोरे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या अंगणात गाडीचा मागचा भाग उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवला. ड्रम गंजून असा धरून बसला होता की हलेना. जावई हातोडीने टकटक करी, जणू अंडं फोडतोय.

"द्या इकडे," म्हणत सासूबाईंनी हातोडी घेतली. एक, दोन, तीन, श्वास. एक, दोन, तीन, श्वास. पोहायला शिकवायचा त्यांचा तोच ठेका. चौथ्या श्वासाला ड्रम निघाला आणि आतली स्प्रिंग सुटून भिंतीपलीकडे गेली. पलीकडे डुबुक असा आवाज झाला.

"माझ्या बादलीत काहीतरी पडलं!" शेजारच्या नर्सबाई ओरडल्या. त्या प्रसूतिगृहातून नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"स्प्रिंग आहे! तुम्हाला ठेवा!" सासूबाईंनी उत्तर दिलं आणि त्यांना हसू फुटलं. जावयाने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला आपण हसावं की नाही ते कळेना, म्हणून तो चाकाच्या पोकळीत डोकं घालून हसला.

मग काम असं रंगलं की जेवायची आठवण राहिली नाही. जुने पत्रे निघाले, ब्रॅकेट बसले, डिस्क बसल्या, कॅलिपर बसले. हँडब्रेकची केबल जरा वाकडी जात होती, पण गेली. उरलं होतं पाइपांतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली आडवं होऊन कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाटलीत काढायचे आणि स्क्रू आवळायचा. तोवर पेडलवरचा पाय उचलायचा नाही.

"आई, आपण जरा पेडल दाबाल का?" गाडीखालून जावयाने विचारलं.

"दाबते हं, जावईबापू."

"आता कृपया धरून ठेवता?"

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," म्हणत सासूबाई वाकल्या, पाय उचलला गेला आणि बाहेर गेलेली हवा परत आत. पुन्हा विनंती, पुन्हा वाकणं, पुन्हा हवा आत. या मानापानात बाटलीभर तेल वाया गेलं. शेवटी जावयाचा संयम सुटला आणि तो गाडीखालून ओरडला, "आई, दाब!"

जावई स्वतःच्याच शब्दांनी दचकून उठायला गेला आणि त्याचं कपाळ सायलेन्सरवर आपटलं. "म्हणजे... दाबा. दाबावं. माफ करा."

"दाबावं काय?" वरून आवाज आला. "दाबलंय मी! तू सोड ना तो स्क्रू, पाय दुखतोय माझा!"

"सोडला!"

"मग सांग पुढे! असा पुटपुटत राहिलास तर म्हातारी होईन इथे!"

त्यानंतर दोघांना आवरणं कठीण झालं. "दाब! धर! अजून जोर लाव! सोडू नकोस, आई, सोडू नकोस! आलं, आलं!" "अरे, आलं का?" "येतंय! थोडंच राहिलंय! दाब!"

फाटक धाडकन उघडलं आणि नर्सबाई हातमोजे चढवत आत धावल्या. "आडवं करा तिला! गरम पाणी कुठाय? आणि बाई, या वयात?"

सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर, एक पाय पेडलवर. जावयाचं तेलाने काळं झालेलं तोंड गाडीखालून बाहेर आलेलं. नर्सबाईंनी एकदा जावयाकडे आणि एकदा सासूबाईंकडे पाहिलं. मग तिघंही अशी हसली की सासूबाईंचा पाय पेडलवरून सुटला आणि पुन्हा हवा आत गेली.

पण दुसऱ्या दिवशीही पेडल स्पंजासारखं मऊच. कितीही तेल ओता, कितीही हवा काढा, पाय थेट तळाला. जावई रडकुंडीला आला. सासूबाई सतरंजी ओढून त्याच्या शेजारी गाडीखाली आडव्या झाल्या आणि कॅलिपरकडे बघत राहिल्या.

"मला सांग," त्या म्हणाल्या, "पाण्याखाली श्वास सोडला की बुडबुडा कुठे जातो?"

"वर."

"मग हवा काढायचा हा स्क्रू तू खाली का ठेवलास?"

जावयाने पाहिलं. डावीकडचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसला होता. स्क्रू तळाला, आणि हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसून. म्हणूनच ती केबल वाकडी जात होती!

"गाढवा!" सासूबाई प्रेमाने म्हणाल्या.

"तूही तिथेच होतीस की, आई!"

कॅलिपर बदलले, स्क्रू वर आले, आणि बाटलीत बुडबुड्यांची अशी झुंबड उडाली की सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. पेडल दगडासारखं कडक झालं.

चाचणीसाठी तलावामागचं गाड्या लावायचं मोकळं आवार होतं. ते नुकतंच धुतलेलं. सासूबाईंनी पट्टा बांधला, जावयालाही बांधायला लावला, वेग घेतला आणि पाय दाबला. मागची चाकं जागच्या जागी थिजली, पुढची निघालेली. गाडी सुळकन फिरली, एक गिरकी पूर्ण केली, दुसरी अर्धी केली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

मग सासूबाईंच्या घशातून बारीक "हिक्" आला. जावई फसकन हसला. दोघं स्टीअरिंगवर आणि डॅशबोर्डवर डोकी टेकवून हसत सुटली, इतकी की काचा धुरकटल्या. कुणीतरी काचेवर टकटक केली. काच खाली झाली. बाहेर मुलगी उभी होती. पाठीवर प्रवासाची बॅग तशीच. नर्सबाईंनी तिला इकडे धाडलं होतं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे काय चाललंय?"

"थांबली!" तो डोळे पुसत म्हणाला. "आईची गाडी थांबली!"

"मागे जरा जास्तच थांबते," सासूबाई म्हणाल्या. "अरे, तो व्हॉल्व्ह!"

व्हॉल्व्हची चकती पूर्ण उघडीच राहिली होती, त्यामुळे मागे दाब नको तेवढा जात होता. जावयाने ती थोडी थोडी पिळली. दर पिळाला एक चाचणी, दर चाचणीला एक किंचाळी, आणि शेवटी गाडी नाकासमोर, सरळ, पाय टाकावा तशी थांबली. गॅरेजवाल्याने स्वतः चालवून पाहिली, प्रत्येक नटाला पाना लावला आणि म्हणाला, "जा."

रविवारी घाट उतरताना पुढच्या एकदोन गाड्यांच्या चाकांतून धूर निघत होता; बिचाऱ्या कडेला थांबून गार होत होत्या. सासूबाई प्रत्येक वळणाआधी पाय टाकत, गाडी आज्ञाधारकपणे वेग सोडी, आणि वळण संपताच पुन्हा सूं. शेजारी बसलेला जावई वळणं ओरडून सांगत होता. "डावं! आई, दाब! बास, सोड! आता उजवं, लांबडं!" "दिसतंय रे मला!" "मग दाब ना!" मागच्या सीटवर मुलगी दोन्ही हातांनी छताचा दांडा धरून ओरडत होती. आधी भीतीने, तिसऱ्या वळणापासून दुसऱ्याच कशाने तरी.

खालच्या चौकटीत गाडी उभी राहिली तेव्हा पुढचं चाक रेषेबाहेर वीतभर गेलं होतं, त्यामुळे बक्षीस काही मिळालं नाही. पंच वाकून रेष मोजत होता. सासूबाई त्याच्याशी हुज्जत घालायला उतरल्या, जावई त्यांची बाजू मांडायला उतरला, आणि दोघं एकाच वेळी बोलू लागल्यावर पंचाने टेप गुंडाळली.

मुलगी मागून पुढे सरकून ड्रायव्हरच्या सीटवर आली. घसा पार बसलेला.

"बसा दोघं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता मी नेते वर."