शेंदूर आणि हातोडा

मी एक नांगर बोलत आहे. शेतात चालणारा नव्हे, तर समुद्रात गलबताला धरून ठेवणारा.

माझा जन्म रत्नागिरीस, काशीराम लोहाराच्या भट्टीत झाला. खडकावर आपटून फुटलेल्या एका विलायती आगबोटीचे लोखंड त्याने माझ्यासाठी वापरले. लोखंड परदेशचे, कोळसा गावचा आणि घाव काशीरामाचे. तेव्हा माझा देश कोणता, हे मला अद्याप निश्चित सांगता येत नाही. लोकांनी मात्र ते एका शब्दात सांगून टाकले : गावठी.

माझे धनी महिपत तांडेल. त्यांचे गलबत कौले आणि लाकूड घेऊन मुंबईस जात असे. तेथून त्यांनी एकदा दुसरा नांगर आणला. त्याच्या दांड्यावर इंग्रजी अक्षरे उठविलेली होती. महिपतांना अक्षरओळख नव्हती, तरी त्या अक्षरांवरून ते मोठ्या प्रेमाने बोटे फिरवीत.

त्यांच्या पत्नी राहीबाई म्हणाल्या, "बाजारात मडकं घेताना वाजवून घेताव. हा वाजवलात काय?"

"विलायतेचा माल तो! मडकं हाय काय वाजवायला?"

त्या दिवसापासून आम्हां दोघांचे नशीब वेगळे झाले. नारळी पौर्णिमेस विलायती नांगराला तेलशेंदूर आणि हार मिळे. दरवर्षी शेंदरावर शेंदूर चढत गेला. माझ्या वाट्याला हातोडा आला. प्रवासापूर्वी महिपत आपल्या खलाशाला सांगत, "सदू, त्या गावठ्याला ठोक बघू. मेल्याचा काय भरवसा?"

सदू ठोकी आणि महिपत कान देऊन ऐकत. एकदा माझ्या कडीचा आवाज बद्द आला. मला तत्काळ काशीरामाकडे नेऊन कडी नवी बसविण्यात आली. या अपमानाचे मला फार वाईट वाटले.

पुढे सन १९३० साली परदेशी मालावर बहिष्कार सुरू झाला. सदू सभेतून तावातावाने आला. "तांडेलानू, हा विलायती नांगर समुद्रात टाका!"

"मग नांगर काय माळ्यावर टाकतात, मेल्या?" महिपत म्हणाले. सगळे खलाशी हसले.

"बरा. पण आता गावठ्याला ठोकायचा नाय. तो स्वदेशी हाय!"

"ठोक गप!"

पुढच्याच वर्षी कार्तिकात आम्ही मुंबईहून परतत होतो. रत्नागिरीचा मिऱ्याचा डोंगर समोर दिसत असताना वादळाने गाठले. गलबत खडकांकडे ढकलले जाऊ लागले. गलबतात महिपतांचा जावई बाळाही होता. आम्ही दोघेही नांगर पाण्यात पडलो. किनाऱ्यावर राहीबाई उभ्या होत्या.

काही वेळाने शेजारी कडाडून आवाज झाला. विलायती नांगराचा दांडा मोडला होता. सारे ओझे माझ्यावर आले. माझी कडी ताणली गेली. तीच नवी बसविलेली कडी. ती टिकली. संध्याकाळी वारा पडला आणि सर्व माणसे सुखरूप घरी आली.

मोडका तुकडा दोराबरोबर वर आला होता. महिपतांनी त्यावरील शेंदूर नखाने खरवडला. आत जुनी, गंजलेली चीर होती.

"फसवलान मला विलायतेनं," ते म्हणाले.

"विलायतेला कशाला बोल लावताव?" राहीबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं त्यानंच वाचवलान तुमाला. दुखतंय काय, ता त्याला कुणी कधी इचारलान?"

मला त्यांचे म्हणणे पटले. माझा तो सोबती खोटा नव्हता. कित्येक वाऱ्यांत त्याने माझ्याहून अधिक भार पेलला होता.

आता नारळी पौर्णिमेचा शेंदूर मला लागतो. महिपत बंदरावरच्या माणसांना बोलावून दाखवितात, "बघा, अस्सल रत्नागिरीचा माल!" सदू अभिमानाने मान डोलावितो. हातोडा नारळ फोडण्याकरिता घरी नेला आहे.

अलीकडे दोर ताणला की माझ्या मानेपाशी काहीतरी किरकिरते. ते वय आहे की चीर, हे मला आतून समजत नाही. शेंदूर जाड झाला आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी त्या बंदरावर गेलात, तर माझे गाव विचारू नका. राहीबाईंकडून तो हातोडा तेवढा मागून आणा.